मुळशी खोऱ्यातील जुनी वस्ती व तिची नोंद

सह्याद्रीच्या मुख्य कण्यापासून पूर्वेकडे ज्या डोंगरांच्या सोंडा उतरत गेल्या आहेत, त्यांच्यामधील चिंचोळ्या भूमीस आपल्याकडे खोरे किंवा मावळ असे म्हणतात. पुण्याच्या पश्चिमेस व नैर्ऋत्येस अशी खोरी एकापुढे एक लागलेली आहेत. प्रत्येकातून एखादी नदी वाहते, आणि पुष्कळदा नदीवरूनच त्या खोऱ्यास नाव पडले आहे. पवनेवरून पवन मावळ, मुठेवरून मुठे खोरे, वेळवंडीवरून वेळवंड खोरे. 'बारा मावळ' हा शब्द आपल्या सर्वांच्या कानावर लहानपणापासून आहे. परंतु मावळ म्हणजे शिवकालीन शूर पायदळाची जन्मभूमी, एवढ्यावरच बहुतेकांची माहिती थांबते. तो मावळा लढाईस निघण्यापूर्वी व लढाईवरून परतल्यावर कसा राहत असे, काय पेरीत असे, तंटा पडल्यास कोणापुढे उभा राहत असे, याचा विचार क्वचितच होतो. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी कित्येकांची मूळ गावे डोंगरातील असल्यामुळे मुळशी खोऱ्याच्या निमित्ताने त्या राहणीची थोडी हकीकत येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

मुळा व नीला या नद्यांच्या काठाने वसलेल्या या मुलखात पाऊस अतोनात. ज्येष्ठाच्या अखेरीस जो लागावयाचा, तो भाद्रपदापर्यंत डोंगरमाथा दिसू देत नसे. चार महिन्यांचे सरपण, मीठ आणि गुरांची वैरण आधीच घरात भरून ठेवावी लागे. नदीकाठच्या खाचरांत भात पिके. त्यातही येथील आंबेमोहराची ख्याती पुण्याच्या पेठांपर्यंत होती. हे भात आयते येत नसे. फाल्गुन-चैत्रात झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण व गवत एकावर एक रचून रोपाची जागा भाजावयाची, याला राब म्हणतात. मग पहिल्या पावसात त्या राखेत बी पेरावयाचे आणि रोप हातभर झाले म्हणजे चिखलणी करून त्याची आवणी करावयाची. आवणी एकट्या घराची होत नाही. आज याच्या खाचरात, उद्या त्याच्या, अशी सारी वाडी एकमेकांच्या बांधावर इरली घेऊन वाकलेली असे. उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी व वरई होई, आणि दोनतीन पिके काढल्यावर ती जमीन काही वर्षे पडीक ठेवावी लागे. भात विकून सारा भरावा आणि नाचणीवर पोट भरावे, असा हा संसार होता. आंबेमोहर पिकविणाऱ्याच्या ताटात आंबेमोहर सणावारीच दिसे, हेही सांगितले पाहिजे.

राबाचा पाला रानातला, गुरांचे चरणे गायरानातले, घराचे वासे डोंगरातले. माथ्यावर गवळी धनगरांचे वाडे होते. ते तूप घेऊन खाली उतरत व धान्य घेऊन वर जात. रानाच्या कडेने कातकऱ्यांची वस्ती असे. पश्चिमेच्या घाटवाटांनी कोकणातील मीठ व सुकी मासळी वर येई. अमक्या वाडीने अमक्या रानातून पाला तोडावा, तमक्या डोहावर गुरे पाजावी, या गोष्टी सर्वांस ठाऊक होत्या. त्या कोणत्याही कागदावर लिहिलेल्या नव्हत्या. पुढील हकीकतीत या गोष्टीस फार महत्त्व आहे, म्हणून वाचकांनी ती ध्यानात ठेवावी.

कागद मुळीच नव्हता असे मात्र नाही. खोऱ्यास देशमुख व देशपांडे, गावास पाटील व कुलकर्णी, अशी वतनदारांची उतरंड होती. रोहिड खोऱ्याचे जेधे, हिरडस मावळाचे बांदल, मोसे खोऱ्याचे पासलकर ही देशमुखांची नावे इतिहासात प्रसिद्धच आहेत. वतनाचा किंवा शिवेचा तंटा पडला म्हणजे गोतसभा भरत असे. तीत वतनदार, आसपासच्या गावांचे पाटील, शेटे-महाजन, बलुतेदार असे सारे बसत. साक्षी होत, क्वचित दिव्यही होई, आणि जो निवाडा ठरे त्याचा महजर लिहिला जाई. या महजरांची एक रीत आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. ज्यास अक्षर येत नसे, तो आपल्या व्यवसायाची निशाणी करी. कुणब्याचा नांगर, सुताराची वाकस, न्हाव्याचा आरसा, अशा निशाण्या जुन्या कागदांच्या तळाशी पाहावयास मिळतात. शिवेच्या वादात महाराची साक्ष मोलाची मानीत, कारण शीव राखणे हे त्याचे काम. याचा अर्थ त्या व्यवस्थेत समता होती असा कोणी करू नये. ज्याची साक्ष ग्राह्य, त्याची सावली मात्र अग्राह्य, असाच तो काळ होता. तथापि ज्याचा निवाड्याशी संबंध, त्याची खूण कागदावर असलीच पाहिजे, इतका विवेक त्या निरक्षर सभेजवळ होता.

आता विसाव्या शतकाकडे येऊ. मुंबईच्या गिरण्यांस व रेल्वेस वीज पुरविण्यासाठी टाटांच्या कंपन्यांनी घाटमाथ्यावर पाणी अडविण्याच्या योजना हाती घेतल्या होत्या. लोणावळ्याकडील पाण्यावर खोपोलीचे वीजगृह १९१५ साली चालू झाले. त्यानंतर मुळशीची पाळी आली. मुळा-नीलेच्या संगमाशी बांध घालावयाचा, आणि साठविलेले पाणी पूर्वेकडे न सोडता बोगद्याने सह्याद्रीच्या पोटातून कोकणात भिरा येथे पाडावयाचे, अशी ही योजना होती. पन्नासांच्या आसपास गावे व दहा हजारांवर माणसे तीत सापडत होती. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार दिला. सार्वजनिक कामाप्रमाणे कंपनीसाठीही जमीन घेण्याची तरतूद त्या कायद्यात होती.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे बाराशे मावळे बांधाच्या जागेवर जाऊन बसले व काम बंद पडले. पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे प्रभृती मंडळी पुढारी होती. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. बापट हे स्वतः इंजिनियरिंगच्या शिक्षणासाठी एडिंबरोस जाऊन आलेले गृहस्थ. तेव्हा यंत्राच्या अज्ञानातून त्यांनी विरोध केला, असे म्हणण्यास जागा नाही. या सत्याग्रहानेच त्यांस 'सेनापती' ही पदवी लोकांकडून मिळाली. गांधीजींनी त्याच महिन्यात 'यंग इंडिया'त मुळशीविषयी लिहिले. काम काही महिने थांबले, मग पुन्हा सुरू झाले. पुन्हा सत्याग्रह झाला, पुरुषांबरोबर स्त्रियाही त्यात उतरल्या, तुरुंगवास झाले. शेवटी १९२४ साली कामाची आगगाडी अडविण्याच्या प्रकरणात बापटांस सात वर्षांची शिक्षा होऊन लढा संपला. १९२७ साली भिऱ्याचे वीजगृह चालू झाले.

लढा का मोडला, याची कारणे अभ्यासकांनी पुष्कळ दिली आहेत. त्यांतील एकाकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. खोऱ्यातील बऱ्याच जमिनी कर्जापायी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. खाचरात वाकणारा मावळा दप्तरात कूळ होता, मालक नव्हता. आरंभी सावकारही विरोधात होते, परंतु मोबदल्याचा दर वाढण्याची चिन्हे दिसताच त्यांचा कल तडजोडीकडे झाला. ज्याचे नाव सातबाऱ्यावर, त्यास बाजारभाव व त्यावर शेकडा पंधरा टक्के, हा कायद्याचा हिशेब होता. कुळाच्या वाट्यास त्यातले फारसे आले नाही. बलुत्यावर जगणाऱ्या सुतार-लोहारास गाव उठल्यावर बलुते कोण देणार, हा प्रश्नच त्या हिशेबात नव्हता. राबाचे रान, गुरांचा डोह, धनगराची उतरण, शेजारच्या वाडीची आवणी, यांस मोल लावण्याचा रकाना कोणत्याही तक्त्यात नव्हता. गोतसभेच्या कागदावर न्हाव्याचा आरसाही उमटत असे. येथे मात्र घर उठले त्याचीच खूण कागदावर नाही. विजेची गरज खोटी होती असे आमचे म्हणणे नाही. मुंबईचा धूर कमी झाला, गिरण्या चालल्या, आणि त्या गिरण्यांतून आपल्याच भागातील शेकडो तरुणांनी पुढे पगार घेतला. पण हिशेब पुरा मांडून मग वजाबाकी करणे निराळे, आणि एक बाजू न मांडताच उत्तर काढणे निराळे.

खोरे बुडाले तेव्हा काही कुटुंबे दूर गेली, पुष्कळ नुसती वर सरकली. पाण्याच्या काठाने, उतारावर, जुन्याच नावाने त्यांनी घरे बांधली. खाचरे पाण्याखाली गेली आणि नाचणीची वरकस तेवढी हाती राहिली. पूर्वी पायी पार होणारी वाट आता पाण्यास वळसा घालून जाऊ लागली, त्यामुळे दोन सोयरे-गावे एकमेकांस अंतरली. हेच थोड्याफार फरकाने इतर मावळांतही घडले. वेळवंडीवर भाटघर १८९२ मध्येच झाले होते. पुढे पानशेत, वरसगाव, पवना, टेमघर अशी धरणे होत गेली, आणि बारा मावळांची जुनी यादी हाती घेतली तर तिच्यातील कित्येक खोऱ्यांचा तळ आज पाण्याखाली आहे. आम्ही शाळेत भूगोल शिकवीत असताना धरणांच्या तक्त्यात नदी, जिल्हा व उपयोग असे तीनच रकाने असत. एकदा डोंगरातील एका मुलाने त्या तक्त्यात आपले गाव कोठे लिहावयाचे असे विचारले होते.

कायदा पुढे बदलला, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. प्रकल्पामुळे उठणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्राने १९७६ साली स्वतंत्र कायदा केला. केंद्राचा २०१३ चा नवा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला आणि १८९४ चा कायदा गेला. नव्या कायद्यात जमिनीच्या मालकाबरोबर कूळ, शेतमजूर, कारागीर व रानाच्या उपजावर जगणारा, अशांसही बाधित मानले आहे. मुळशीतून उठलेल्यांपैकी हे पाहावयास बहुधा कोणी उरलेले नव्हते.

आपल्या संघाच्या दप्तरात कुटुंबांच्या याद्या आहेत, पण त्यांत बहुतेकांचे 'मूळ गाव' म्हणून काठावरचे नवे गावच लिहिलेले आढळते. ज्यांच्या घरी जुने सारा-पावत्यांचे कागद, संपादनाच्या नोटिसा, गहाणखते किंवा वतनाचे कागद पेटीत पडून असतील, त्यांनी मूळ प्रत जवळच ठेवून छायाप्रत तेवढी संघाकडे द्यावी. कागद नसेल तर घरातील वडीलधाऱ्यांस विचारून जुन्या वाडीचे नाव, ग्रामदेवतेचे नाव, शिवेवरचा ओढा किंवा दगड, आणि आवणीस कोणत्या घरची माणसे येत असत, एवढे एका कोऱ्या कागदावर लिहून पाठवावे. ज्यांस लिहिता येत नाही, त्यांच्याकडून नातवंडांनी ऐकून लिहावे आणि खाली त्यांचा अंगठा घ्यावा.