कंठ, पेटी आणि सॅक्सोफोन

समूहगायनाच्या साथीला चार सॅक्सोफोन, हा मेळ प्रथमदर्शनी विजोड वाटतो. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. बेल्जियममध्ये जन्मलेल्या अडॉल्फ साक्सने १८४६ मध्ये पॅरिस येथे या वाद्याचे पेटंट घेतले, तेव्हा लहानमोठ्या वाद्यांचे एक कुटुंबच त्याने कल्पिले होते. सोप्रानो, आल्टो, टेनर व बॅरिटोन ही त्यातील चार भावंडे. पहिल्या तिघांची नावे पाश्चात्त्य वृंदगायनातील आवाजांचीच होत.

त्याच दशकात, त्याच पॅरिसमध्ये हार्मोनियमचेही पेटंट घेतले गेले. तीच आपल्या नाट्यसंगीताची पेटी! तिच्यातून मींड निघत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके तिला दूर ठेवले. मराठी घराने मात्र ठेवले नाही.

दक्षिणेत परक्या वाद्यांचे स्वागत करण्यात मराठी दरबार अग्रेसर होता. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी महाराजांनी (कारकीर्द १७९८–१८३२) पाश्चात्त्य धर्तीचा बँड पदरी बाळगला. एकोणिसाव्या शतकातच क्लॅरिनेट तेथील नृत्याच्या साथीला बसले.

सॅक्सोफोनचे भाग्य कर्नाटकात उजळले. नागस्वरवादकाच्या घरी १९४९ मध्ये जन्मलेल्या कद्री गोपालनाथ यांनी म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये हे वाद्य ऐकले आणि त्याचा ध्यास घेतला. गमक हा कर्नाटक संगीताचा प्राण. चाव्यांच्या वाद्यातून तो उमटावा म्हणून त्यांनी वाद्यात फेरफार केले, वर्षानुवर्षे साधना केली. १९९४ मध्ये लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात त्यांचे वादन झाले. २०१९ मध्ये ते निवर्तले.

आपल्या बेंगळुरूचाही यात वाटा आहे. टी. ए. एस. मणी यांनी १९६४ मध्ये स्थापिलेल्या कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन या संस्थेच्या कलावंतांनी अमेरिकन सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो यांच्यासह १९८३ मध्ये 'ज्योती' ही ध्वनिमुद्रिका केली. तीत आर. ए. रमामणी यांचा कंठ आणि सॅक्सोफोन समोरासमोर येतात. मारियानो स्वतः नागस्वरम् शिकलेले होते. म्हणूनच हा संवाद बरोबरीचा झाला.

जे. पी. नगरात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या ओठी मराठी गाणे राहील काय, ही चिंता आपणा सर्वांनाच आहे. ती वाद्यांपाशी व्यर्थ घुटमळू नये. पेटीने अभंगाचे मराठीपण हिरावले नाही, सॅक्सोफोनने कीर्तनांचे कर्नाटकपण घालविले नाही. कारण गाणारा आपल्या गाण्यात पक्का होता. साथीला कोण बसावे हे मुलांनी खुशाल ठरवावे. शब्द आणि सूर त्यांना कंठस्थ करून देणे, हे मात्र आपले काम आहे.