बुडालेलं गाव, उरलेले कागद

आंबेगाव तालुक्याचं मुख्य ठाणं घोडेगाव. मग आंबेगाव कुठं गेलं? घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली. शेजारच्या जुन्नरचं नशीब बरं. नाणेघाटातला सातवाहनांचा लेख सुमारे दोन हजार वर्षं दगडात टिकून आहे. बुडालेल्या गावाचा माग काढायचा तर पुण्याचं पेशवे दफ्तर गाठावं लागतं. तिथं फडक्यात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांना 'रुमाल' म्हणतात. असे हजारो रुमाल आहेत, आणि त्यांत लढायांपेक्षा महसुलाचे हिशेबच जास्त! गावकऱ्यांचं जगणं सापडतं ते याच रुक्ष हिशेबांत. गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ दरम्यान निवडक कागदांचे ४५ खंड काढले, पण एवढ्या दफ्तरापुढे ते मूठभरच. बाकी बहुतेक सारं मोडीत. मोडी शिकता येते. पण तुमच्या वर्गातल्या कुणाच्या आजोबांना जुनं आंबेगाव आठवत असेल, तर तिथल्या शेतांची, ओढ्यांची नावं आधी लिहून घ्या. रुमालात अशी नावं आली, तर ती ओळखायला दुसरं कोण आहे?