‘राजे’, ‘देशमुख’ आणि आपले वतन



आपल्या बुलडाणा जिल्ह्यात सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा अशी दोन गावे आहेत. १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीसाठी सिंदखेडला जाताना रस्त्यावरचे फलक वाचा. नगरसेवक राजे, गुत्तेदारही राजे! आता आपल्या वस्तीतली काही पोरेही नावापुढे ‘राजे’ लावू लागली आहेत. त्यांनी या शब्दाचा इतिहास जरूर तपासावा.

जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव यांच्याकडे सिंदखेडची देशमुखी होती. ते निजामशाहीतले बडे सरदार होते, स्वतंत्र राज्याचे धनी नव्हते. ‘राजे’ हा दरबारी किताब होता. बखरींत एक गोष्ट येते. शहाजींसाठी जिजाऊंना मागणी घातली, तेव्हा मालोजी भोसले आपल्या तोलाचे नाहीत म्हणून लखुजींनी नकार दिला. मग निजामशहाने मालोजींना मनसब आणि ‘राजे’ किताब दिला, आणि सोयरीक जुळली. बखरीतला तपशील खरा मानू नका, पण मोठेपण कुठून येते याबद्दल लोकांची समज काय होती ते त्यातून कळते. रक्त तेच राहिले, दरबाराच्या मर्जीने माणूस तोलामोलाचा झाला. दरबाराची मर्जी फिरली की काय होते तेही सिंदखेडनेच पाहिले. १६२९ च्या जुलैत दौलताबादच्या किल्ल्यात लखुजींना मुलांसह दगाफटक्याने मारले, तेही निजामशाही दरबारातच.

‘देशमुख’ तर सरळ सरळ हुद्दा होता. देश म्हणजे परगणा, त्याचा प्रमुख तो देशमुख. वसुली करायची, तंटे मिटवायचे आणि त्याबदल्यात हक्क घ्यायचे. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले. पुढे वसुली सरकारी तहसीलदाराकडे आली, काम संपले, पण नाव उरले. नुसते उरले नाही. वऱ्हाडात देशमुखांचा सोयरिकीपुरता वेगळा गट झाला आणि तो कुणब्यांपेक्षा स्वतःला वरचा समजू लागला. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला जात कशी घडते हे शिकवायला बाहेरची उदाहरणे देत होते. इथलेच पुरले असते.

आता मुद्द्याचे. देशमुख वतनदार, पाटील वतनदार आणि महारसुद्धा वतनदारच! गावाची शीव दाखवणे, सांगावा पोचवणे, अंमलदाराचे ओझे वाहणे, मेलेले ढोर ओढणे ही कामे त्या वतनाची. शब्द एकच. मग एकाच्या वतनातून ‘घराणे’ निघाले आणि दुसऱ्याच्या वतनातून वेठबिगार, हे कसे? महारकी सोडून कोणाला आडनावाचा डौल मिळाला नाही. उलट ‘वतनदार’ म्हणवून घेण्याच्या अभिमानापायी आपलीच माणसे जोहार घालत राहिली. बाबासाहेबांनी हे ओळखले होते. ‘बहिष्कृत भारत’मधून त्यांनी महार वतनावर लिहिले आणि १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायदा बदलण्याचे विधेयक आणले. ते मंजूर झाले नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने परगणा आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने रद्द केली. महार वतनासाठी १९५८ उजाडावे लागले. त्या कायद्याच्या नावातच आपल्या वतनाला ‘कनिष्ठ’ म्हटले आहे. संविधानाचे कलम १८ किताब रद्द करते, ते लागू होऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती.