बेट, साथ आणि थांबण्याची जागा

आजचा थ्रेड साथीच्या काळात बेटे बंद करण्याविषयी, आणि त्याहून अवघड अशा, ती पुन्हा उघडण्याविषयी आहे. मी जामसंड्याचा. आमच्या किनाऱ्याने दक्षिणेला गेले की मालवण लागते आणि मालवणसमोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग. २०२० आणि २०२१ मध्ये त्या गडाच्या वाट्याला जे आले ते समजून घ्यायचे तर आधी साडेसहाशे वर्षे मागे, एड्रिआटिक समुद्राकाठी जावे लागते.

१३७७ साली रागुसा, म्हणजे आजचे दुब्रोव्हनिक, या नगरराज्याने एक नियम केला. प्लेगग्रस्त प्रदेशातून येणाऱ्याने शहरात पाऊल ठेवण्यापूर्वी महिनाभर म्रकान या बेटावर किंवा त्साव्ताट गावी राहावे. पुढे १४२३ मध्ये व्हेनिसने आपल्या खाडीतील एका बेटावर प्लेगच्या रुग्णांसाठी कायमचे रुग्णालय उभारले. तीस दिवसांचे चाळीस झाले, आणि त्या ‘चाळीस’वरूनच ‘क्वारंटाइन’ हा शब्द आला.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. रागुसाने बंदर बंद केले नव्हते. त्या शहराचे पोटच व्यापारावर होते. बंदर बंद म्हणजे उपासमार. त्यांनी केले ते इतकेच की परका माणूस आणि शहर यांच्यामध्ये एक जागा आणि काही दिवस ठेवले. त्या जागेला बेट सोयीचे होते.

आपल्याकडे सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला आणि पुढील काही महिन्यांत लाखो लोकांनी शहर सोडले. कोकणाकडे येणाऱ्यांची मुख्य वाट आगबोटीची होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग प्रतिबंधक कायदा झाला. प्रवाशांची तपासणी करण्याचा आणि संशयितांना वेगळे ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने जो कायदा लागू केला तो हाच, १२३ वर्षांपूर्वीचा. (त्यातील काही कलमे वाचताना आगबोटीचा भोंगा ऐकू येतो.)

मात्र विसाव्या शतकात एक उलटापालट झाली. जे बेट परक्याला थांबवून ठेवण्यासाठी होते, तेच पाहण्यासाठी परका येऊ लागला. आता बेटालाच संरक्षण हवे, आणि थांबण्याची जागा मुख्य भूमीवर हवी.

लक्षद्वीपने ते करून दाखवले. बेटांवर जाण्यापूर्वी कोचीत विलगीकरण सक्तीचे होते, आणि संपूर्ण २०२० सालात तेथे कोविडचा एकही रुग्ण नोंदला गेला नाही. त्या वर्षाच्या डिसेंबरात नियम सैल झाले. विलगीकरण गेले, केवळ चाचणीचा निगेटिव्ह अहवाल पुरेसा ठरला. १८ जानेवारी २०२१ रोजी पहिला रुग्ण सापडला. कोचीहून जहाजाने आलेला. मे महिन्यापर्यंत सुमारे ६५ हजार वस्तीच्या बेटांवर रुग्णसंख्या हजारांत गेली होती. तारखांकडे पाहा: देशात लसीकरण सुरू झाले १६ जानेवारीला. दार लस येण्याच्या काही आठवडे आधी उघडले गेले.

आता सिंधुदुर्गाकडे येऊ. १६६४ ते १६६७ या काळात शिवाजी महाराजांनी बांधलेला हा गड निव्वळ अवशेष नाही. तटाच्या आत आजही मोजकी कुटुंबे राहतात, शिवराजेश्वराच्या मंदिरात पूजा होते. मालवणच्या जेटीवरून होडीत बसलेला पर्यटक एखाद्या स्मारकात जातो तसाच कुणाच्या तरी वाडीतही जातो.

१७ मार्च २०२० रोजी पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने देशातील सर्व संरक्षित स्मारके बंद केली. पाठोपाठ टाळेबंदी आली आणि चाकरमान्यांचा प्रश्न उभा राहिला. त्यांच्यासाठी गावोगाव थांबण्याची जागा निघाली ती जिल्हा परिषदेच्या शाळांत. गणपतीला येणाऱ्यांसाठी शासनाने दहा दिवसांचे विलगीकरण ठरवले. १२ ऑगस्टनंतर येणाऱ्यांना आधी चाचणी. वाद पुष्कळ झाले. माझे काका शाळेच्या खोलीत असताना आजी डबा पायरीवर ठेवून मागे सरत असे आणि ते दोघे अंगणाच्या दोन टोकांवरून भांडत. तरीही चाकरमानी थांबला, कारण तो स्वतःच्या घरी, स्वतःच्या गणपतीला आला होता.

पर्यटकाचे तसे नाही. दोन दिवसांच्या रजेवर आलेला माणूस दोन तासांच्या गडदर्शनासाठी दहा दिवस कुठे थांबणार? रागुसाची युक्ती येथे लागू पडत नाही. माझ्या मते सगळी अडचण याच ठिकाणी आहे. थांबणे शक्य नसले की उरतात दोनच मार्ग, पूर्ण बंद किंवा पूर्ण उघडे, आणि दोन्हींची किंमत किनाऱ्यावरचाच माणूस मोजतो.

तिसरा मार्ग थायलंडमधील फुकेतने काढला. १ जुलै २०२१ पासून तेथे लस घेतलेल्या परदेशी पर्यटकांना विलगीकरणाविना प्रवेश मिळाला. अट अशी की देशात इतरत्र जाण्यापूर्वी चौदा दिवस बेटावरच राहायचे. म्हणजे थांबण्याची मुदत हीच सहल झाली! पण त्याआधी बेटवासीयांच्या लसीकरणाला तेथे अग्रक्रम दिला गेला होता. आपल्याकडे क्रम लागला तो आरोग्य कर्मचारी, आघाडीवरचे कर्मचारी आणि मग वय यांनुसार. होडीवाले, गडावरचे मार्गदर्शक, न्याहारी-निवास चालवणारी घरे यांना व्यवसाय म्हणून त्यात स्थान नव्हते.

आणि समुद्राचे स्वतःचे वेळापत्रक असते. मालवणची प्रवासी होडी दरवर्षी मेअखेरीस थांबते ती ऑगस्ट सरेपर्यंत. कमाईचा मुख्य हंगाम एप्रिल-मे. २०२० मध्ये तो टाळेबंदीत गेला. ६ जुलैला केंद्राने स्मारके उघडण्यास मुभा दिली तेव्हा समुद्र खवळलेला होता. दिवाळीनंतर कोकणात पर्यटक परतू लागले, तोवर पुढचा एप्रिल आला. १६ एप्रिल २०२१ पासून स्मारके पुन्हा बंद झाली, आणि मेच्या मध्यावर तौक्ते वादळ याच किनाऱ्यावरून गेले. १६ जून रोजी पुरातत्त्व विभागाने स्मारकांची दारे दुसऱ्यांदा उघडली. मालवणच्या होड्या तेव्हा किनाऱ्यावर ओढून, शाकारून ठेवलेल्या होत्या.