ई-सिगारेट : कॉइल आणि चव
बॅटरीच्या साहाय्याने द्रव तापवून, बहुधा निकोटिनयुक्त, वाफारा देणारे उपकरण. त्याचे आधुनिक रूप चिनी औषधनिर्माते होन लिक यांनी २००३ मध्ये घडवले. तापणाऱ्या कॉइलला लागून कापसाची वात असते; तीत प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन व स्वादद्रव्ये यांचे मिश्रण मुरते. नव्या धातूच्या भागांवर यंत्रकामाचे तेल राहिल्यास किंवा वात पुरेशी न भिजल्यास चव बिघडते. कोरडी वात करपली, की फॉर्माल्डिहाइडसारखी घातक संयुगे वाढतात. भाग धुऊन चव सुधारली, तरी निकोटिनचा अपाय टळत नाही. २०१९ च्या केंद्रीय कायद्यानुसार भारतभर ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांना मनाई आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यास १ वर्षापर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.