कोरा रकाना

आमच्या घरातला सर्वांत जुना कागद जमिनीचा नाही, शाळेच्या दाखल्याचाही नाही. तो लष्कराचा आहे. माझे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, मार्च १९४६ मध्ये पलटणीत भरती झाले आणि १९४९ च्या अखेरीस माणदेशातल्या आमच्या गावी परत आले. येताना त्यांनी एक पत्र्याची ट्रंक, एक कांबळे आणि एक डिस्चार्ज बुक आणले. ते बुक आजीने जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून ठेवले होते. घरातला पहिला पदवीधर मी. त्यामुळे ते वाचण्याचे काम माझ्याकडे आले. तोवर ते जपले गेले होते, वाचले गेले नव्हते.

त्यात आबांचा नंबर होता, नाव, बापाचे नाव, गाव, तालुका, उंची, ओळखीची खूण, सारे होते. 'क्लास' या रकान्यात जात होती. वर्तणूक चांगली म्हटली होती. मात्र कोणत्या मोहिमेवर गेले हा रकाना कोरा होता आणि पदकांचा रकानाही कोरा होता. तीन वर्षे या माणसाने सरकारच्या छावणीत बसून भाकरी खाल्ली, एवढाच त्या कागदाचा अर्थ निघत होता.

आणि आमच्या वस्तीत तर आबा 'बर्माचा शिपाई' म्हणून प्रसिद्ध होते. चौदा एप्रिलला भाषणांत त्यांचे नाव निघे. मी महाविद्यालयात शिकवू लागलो तेव्हा जयंतीच्या स्मरणिकेत आबांवर लेख लिहिला. ब्रह्मदेशाच्या जंगलात जपान्यांशी लढलेला आमच्या गावचा वीर, असे त्यात छापले. जपान १९४५ साली शरण गेला आणि आबा १९४६ साली भरती झाले, ही विसंगती इतिहासाच्या शिक्षकाला दिसायला हवी होती. ती दिसली होती. मी मनाशी म्हटले, भरतीची तारीखच चुकली असेल. सरकारी कागद आपल्या बाबतीत चुकतो याचा आपल्याला इतका अनुभव आहे, की तो चुकलाच असणार असे मानायला आपल्याला पुरावा लागत नाही.

प्रस्तुत लेख या दोन चुकांविषयी आहे. एक कागदाची आणि दुसरी माझी.

२

लष्कराच्या कागदाला आपल्या इतिहासात एवढे महत्त्व का, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. गावच्या दप्तरात महार आला तो वतनाच्या निमित्ताने, वेठीच्या निमित्ताने, कामाच्या नावाने. पलटणीच्या हजेरीपटावर मात्र तो एक एक माणूस म्हणून आला. त्याचे नाव, त्याचा पगार, त्याची जखम अशा नोंदी झाल्या. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कोरेगावला जो स्तंभ उभा राहिला, त्यावर कोरलेल्या मृतांच्या नावांत 'नाक' या प्रत्ययाची २२ नावे आहेत. ज्या समाजाला गावात पाटीवर अक्षर गिरवू दिले जात नव्हते, त्याची नावे दगडावर लिहिली गेली. १९२७ च्या १ जानेवारीला बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले, ते या नावांसाठी.

पण ज्या सरकारने ही नावे लिहिली, त्याच सरकारने ती पुसलीही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात 'लढाऊ जाती'चा सिद्धान्त पुढे करून महारांची भरती बंद करण्यात आली. तीन पिढ्यांची नोकरी जमेस धरली गेली नाही. पलटणीतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली मुंबईच्या लष्करप्रमुखांना उद्देशून अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. हे अर्ज नोकरीसाठी होते हे खरेच. परंतु मी ते पुन्हा वाचतो तेव्हा मला त्यांत दुसरीही मागणी दिसते. आमच्या बापजाद्यांनी काय केले ते तुमच्याच दप्तरात पाहा आणि मग आम्ही लढाऊ आहोत की नाही ते ठरवा, असे ते सांगतात. आपल्या चळवळीच्या आरंभीच्या अर्जांत नोंदीच्या दुरुस्तीची ही मागणी आहे.

पुढे पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ क्रमांकाची महार पलटण उभी राहिली. गरज सरल्यावर १९२१ साली ती मोडली. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली, तिच्यामागे बाबासाहेबांचा आग्रह होता. आबांची भरती या रेट्याच्या शेवटच्या टप्प्यातली.

३

आबांच्या कागदातला रकाना कोरा का राहिला, हे समजायला मला मशीनगन समजून घ्यावी लागली.

१९४६ साली महार रेजिमेंट मशीनगनची रेजिमेंट झाली. व्हिकर्स ही तिची तोफ म्हणावी अशी बंदूक. तिच्या नळीभोवती पाण्याचे कवच असे. ती एकट्याने चालवायची नसे. कोणी तिवई वाहायचा, कोणी नळी, कोणी गोळ्यांचे पट्टे, कोणी पाणी. अशा बंदुकांची पलटण सहसा एका ठिकाणी लढत नाही. तिच्या कंपन्या आणि त्यांच्याही तुकड्या दुसऱ्यांच्या पायदळाला जोडून दिल्या जातात. १९४७-४८ च्या काश्मीरच्या लढाईत हेच झाले. झांगर येथे डिसेंबर १९४७ मध्ये मशीनगन चालवणारे नाईक कृष्णा सोनवणे यांना महावीर चक्र मिळाले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. परंतु ज्यांना चक्र मिळाले नाही, अशा शेकडो जणांचे काय झाले? ते लढले एका पलटणीबरोबर आणि त्यांचे कागद राहिले दुसरीकडे. शिपाई कोठे गेला, केव्हा गेला, केव्हा परतला याची नोंद पार्ट टू ऑर्डर नावाच्या कागदाने मूळ ठिकाणी कळवली जाते आणि तीवरून त्याच्या शीट रोलमध्ये उतरते. धावपळीत हा एक कागद निघाला नाही किंवा पोचला नाही, तर माणूस डोंगरावर असतो आणि दप्तरात छावणीतच बसलेला असतो.

यात कोणी मुद्दाम अन्याय केला असे मी म्हणत नाही. पण ही रचना मला ओळखीची वाटली. आमच्या पणजोबांनी साऱ्या गावाचे काम केले, सांगावे पोचवले, सरहद्दी दाखवल्या, आणि गावाच्या इतिहासात त्यांचे नाव कोठेच नाही. जो सर्वांना जोडून दिलेला असतो, तो कोणाच्याच हिशेबात धरला जात नाही.

४

मी पहिला अर्ज केला तो २०१२ साली. त्यात आबांचा नंबर दिला आणि ठासून मागणी केली, की त्यांच्या ब्रह्मदेशातील सेवेची नोंद करावी आणि बर्मा स्टार हे पदक द्यावे. काही महिन्यांनी दोन ओळींचे उत्तर आले. उपलब्ध कागदपत्रांत अशी नोंद आढळत नाही. मी ते पत्र घेऊन चार ठिकाणी तावातावाने बोललो. व्यवस्था आपला इतिहास कसा गिळते याचे उदाहरण म्हणून वर्गातही सांगितले.

आजी तेव्हा होती. ती एकदा म्हणाली, "बर्माला ग्येलं ते थोरलं बापू. ह्यांचं नवशेरा. बंदुकीला पानी पाजायचं, त्येबी थिजायचं." थोरले बापू म्हणजे आबांचे चुलतभाऊ. ते खरोखरच ब्रह्मदेशात होते. लग्न न करताच वारले, त्यांचे सांगायला मागे कोणी उरले नाही. त्यांच्या गोष्टी हळूहळू आबांच्या नावावर जमा झाल्या. आबा एका कानाने बहिरे होते. लोक काय बोलतात ते त्यांना अर्धेच ऐकू येई आणि ते मान हलवत. आजीला मात्र सारे ठाऊक होते. ती हे पूर्वीही बोलली असणार. नवशेरा हे ब्रह्मदेशातलेच एखादे गाव असेल असे समजून मी ते सोडून दिले होते. अंगठा उठवणारी बाई काय सांगणार, असे मी उघड म्हटले नाही. वागलो मात्र तसाच. स्त्रियांच्या मौखिक साक्षीवर मी विद्यार्थ्यांना टिपणे देतो, हेही येथे नमूद करतो.

नौशेरा जम्मूकडच्या भागात आहे, थिजणारे पाणी व्हिकर्सचे होते आणि बहिरा कान तिच्या आवाजाचा होता, हे माझ्या ध्यानात यायला तीन वर्षे गेली. २०१५ साली शेजारच्या तालुक्यातल्या एका गृहस्थांच्या घरी त्यांच्या वडिलांचे डिस्चार्ज बुक पाहायला मिळाले. आबांच्याच कंपनीतला माणूस. त्यांच्या रकान्यात जम्मू-काश्मीर लिहिलेले होते आणि डब्यात पदक होते. जनरल सर्व्हिस मेडल १९४७, त्यावर जम्मू-काश्मीरची पट्टी, कडेला कोरलेला नंबर आणि नाव. हे पदक १९५० साली सुरू झाले. पलटणीत जे राहिले त्यांची यादी पलटणीने पाठवली. आबा तेव्हा गावी येऊन रोजगार हमीच्याही आधीच्या काळातली खडी फोडत होते.

दुसरा अर्ज मी वेगळ्या रीतीने लिहिला. ठासून काही म्हटले नाही. नंबर, कंपनी, अंदाजे काळ दिला. जोडीदाराच्या बुकातील पानाची साक्षांकित प्रत जोडली. त्या काळच्या नोंदी आणि लाँग रोल तपासून पाहावा अशी विनंती केली. पेन्शन नसलेल्या शिपायाचे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात, लाँग रोल मात्र ठेवतात, हे मला एका निवृत्त सुभेदारांनी सांगितले होते. २०१७ साली उत्तर आले. आबांची जम्मू-काश्मीरमधील सेवा मान्य झाली होती आणि पदकाचा हक्कही. बर्माविषयी अर्थातच काही नव्हते.

आजी २०१६ च्या पावसाळ्यात गेली. पहिलाच अर्ज तिला विचारून लिहिला असता, तर ते पत्र तिच्या हातात पडले असते.

५

अमेरिकेतील काळ्या शिपायाची एक हकिकत येथे सांगणे मला आवश्यक वाटते. हेन्री जॉन्सन हा न्यूयॉर्कच्या ३६९ व्या काळ्या पायदळ रेजिमेंटचा शिपाई. गोऱ्या अमेरिकन पलटणींबरोबर लढू न देता ही रेजिमेंट फ्रेंच सैन्याला जोडून दिली होती. मे १९१८ मध्ये आर्गॉनच्या जंगलात त्याने जर्मन टोळीशी हातघाईची लढाई केली, त्याला २१ जखमा झाल्या. फ्रान्सने त्याला क्र्वा द गेर हे पदक दिले. त्याच्या स्वतःच्या देशाच्या डिस्चार्जच्या कागदात मात्र जखमांचा उल्लेखही नव्हता. तो १९२९ साली विपन्नावस्थेत वारला. पर्पल हार्ट १९९६ साली मिळाले, सर्वोच्च असे मेडल ऑफ ऑनर २०१५ साली.

यातला पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्या कुटुंबाने त्याचे वंशज म्हणून वर्षानुवर्षे या सन्मानासाठी झगडा केला, त्यांचे त्याच्याशी रक्ताचे नाते नाही, असे पदक देण्यापूर्वीच्या तपासात आढळले. ते पदक अखेर न्यूयॉर्क नॅशनल गार्डच्या एका सार्जंटने स्वीकारले. म्हणून त्या कुटुंबाचा झगडा खोटा ठरला का? मुळीच नाही, त्यांच्यामुळेच हेन्री जॉन्सनची नोंद दुरुस्त झाली. पण दुरुस्तीसाठी उघडलेले दप्तर आपल्याला हवी तेवढीच पाने दाखवून बंद होत नाही, हे मान्य करून मगच ते उघडायला सांगितले पाहिजे.

कोरेगावच्या बाबतीतही मी आता हेच म्हणतो. पाचशे महारांनी अठ्ठावीस हजारांची फौज कापली, असे आपण व्यासपीठावरून सांगतो. पेशव्यांची एकूण फौज तेवढी मोठी होती, परंतु गावावर प्रत्यक्ष चालून गेलेल्या तुकड्या सुमारे दोन हजारांच्या होत्या. कंपनीच्या बाजूलाही महारांबरोबर मराठे, मुसलमान व इतर शिपाई होते. हे सांगितल्याने त्या २२ नावांचे एक अक्षरही कमी होत नाही. उलट आकडा फुगवला, की विरोधकाला तो फुगा फोडण्याचे सोपे काम मिळते आणि त्या आवाजात दगडावरची खरी नावे ऐकू येईनाशी होतात. माझ्या पहिल्या अर्जाचे झाले ते हेच. बर्माच्या खोट्या मागणीने काश्मीरची खरी मागणी तीन वर्षे अडवून धरली.

६

विद्यार्थी आणि कार्यकर्ते मित्रांना माझी विनंती आहे. तुमच्या वस्तीत अशा पत्र्याच्या ट्रंका आहेत. त्या उघडा. नंबर, पलटण, भरतीची व सुटीची तारीख लिहून घ्या. पदक असेल तर त्याच्या कडेवरची अक्षरे भिंगाखाली वाचा. कोरा रकाना दिसला, तर त्याच कंपनीतल्या दुसऱ्या माणसाचे घर शोधा. सरकारला लिहिण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला विचारा आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत टिपून घ्या. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या, पेन्शन नसलेल्या शिपायांच्या विधवा अजून काही ठिकाणी हयात असतील, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांच्यासाठी अर्थसाहाय्याची चौकशी करा. तेथे हा कागद उपयोगी पडतो. आणि जे सापडत नाही ते जोडू नका.

गेल्या वर्षीच्या जयंतीच्या स्मरणिकेत मी आबांविषयीच्या जुन्या लेखाची दुरुस्ती छापली. आबा बर्माला नव्हते, थोरले बापू होते, असे लिहिले. वस्तीतले काही जण नाराज झाले. एका वृद्ध गृहस्थांनी मात्र वाचून विचारले, "मग बापूचं बुक कुठाय?" ते कोणापाशीच नाही. बापूंचा नंबरही आम्हांला ठाऊक नाही. सध्या तो शोधण्याचे काम चालू आहे.