बागेतून रानात : घाणेरीची दोनशे वर्षे

आसनगाव स्थानकावर उतरून शहापूरकडे निघावे किंवा कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाची वाट धरावी. रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर आणि पडीक माळावर एक झुडूप आपली सोबत सोडत नाही. खरखरीत पाने, चौधारी काटेरी फांद्या, रंगीबेरंगी फुलांचे झुबके आणि पान चुरगळले की येणारा उग्र वास. या वासावरूनच तिला घाणेरी म्हणतात. कोणी टणटणीही म्हणतात. पावसाळ्याचे चार महिने धो धो पाऊस आणि पुढचे आठ महिने कोरडे, असे या दोन्ही तालुक्यांचे हवामान आहे. मे महिन्यात मुरमाड जमिनीवरचे गवत करपून जाते, पण घाणेरी तग धरून असते.

हीच वनस्पती रोपवाटिकेत ‘लँटाना’ या नावाने कुंडीत मिळते. पाणी कमी लागते, ऊन सोसते, गुरे तोंड लावत नाहीत, फांदी खोचली तरी जगते आणि वर्षातले बरेच महिने फुलते, असे तिचे गुण सांगितले जातात. ते सगळे खरे आहेत. शाळेच्या कुंपणाला किंवा कडक उन्हातल्या बागेला याहून सोयीचे झुडूप कोणते, असा प्रश्न त्यामुळे पडू शकतो. त्याचे उत्तर या झुडपाच्या इतिहासात आहे.

घाणेरी मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली. सतराव्या शतकात डच लोकांनी ती युरोपात नेली. १७५३ मध्ये लिनियसने तिला ‘लँटाना कॅमारा’ हे शास्त्रीय नाव दिले. पुढे युरोपातल्या माळ्यांनी तिच्या निरनिराळ्या प्रकारांचे संकर करून गुलाबी, केशरी, पिवळ्या, लाल फुलांच्या अनेक जाती तयार केल्या. एकाच झुबक्यात दोन-तीन रंग दिसतात, हे बागप्रेमींना मोठे आकर्षण होते. दिल्ली विद्यापीठातील मोहन राम आणि गीता माथूर यांनी या रंगबदलाचा अभ्यास केला. ताजे फूल पिवळे असते आणि परागण झाले की त्याचा रंग पालटू लागतो, असे त्यांना आढळले. परागण करणारे कीटक पिवळ्या फुलाकडेच वळतात.

भारतात ती १८०९ च्या सुमारास कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे झाड म्हणून आली. त्यानंतर ब्रिटिशांच्या छावण्यांत आणि बंगल्यांच्या बागांत ती निरनिराळ्या ठिकाणी, पुन्हा पुन्हा लावली गेली. म्हणजे आज आपण पाहतो ती घाणेरी अमेरिकेतल्या जंगलातून जशीच्या तशी आलेली नाही. माळ्यांनी निवडून, संकर करून तयार केलेल्या अनेक जातींची ती संतती आहे.

मग ती कुंपण ओलांडून रानात कशी गेली? तिचे लहानसे फळ पिकले की काळसर जांभळे होते. बुलबुल, साळुंकी यांसारखे पक्षी ते खातात आणि बी दूरवर टाकतात. परंतु नुसते बी पडून भागत नाही. दाट सावलीत घाणेरीला जोर धरता येत नाही. तिला ऊन लागते. म्हणून जिथे जंगल तोडले, जाळले किंवा अतिशय चारले गेले, तिथेच तिचे फावले.

एकोणिसाव्या शतकातील ठाणे जिल्ह्याकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. रेल्वे १८६० मध्ये आसनगावला आणि १८६१ मध्ये कसाऱ्याला पोचली. वाढत्या मुंबईला इमारती लाकूड, सरपण आणि कोळसा हवा होता, तो ठाण्याच्या जंगलांतून जात होता. दुसरीकडे भाताच्या राबासाठी शेतकऱ्यांना झाडांच्या डहाळ्या लागत. जंगलावर सरकारचा हक्क किती आणि रयतेचा किती, हा वाद इतका पेटला की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींच्या चौकशीसाठी १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. १८९२ मध्ये तानसा धरण पुरे झाले. रूळ, रस्ते, धरणे, कोळशाच्या भट्ट्या यांनी सलग जंगलात मोकळ्या, उन्हाच्या जागा पाडल्या. घाणेरीसारख्या झुडपाला हव्या असतात त्या याच जागा. म्हणून केवळ घाणेरीला दोष देऊन आपली सुटका होत नाही.

एकदा शिरकाव झाला की पुढचे काम ती स्वतः करते. तिच्या जाळीखाली ऊन पोचत नाही. गवत मरते आणि सागाची, ऐनाची, मोहाची रोपे वर येत नाहीत. तिच्या पानांतील लँटाडीन या द्रव्यांमुळे गुरांचे यकृत बिघडते, म्हणून गुरे ती टाळतात आणि आजूबाजूचे उरलेसुरले गवत चरतात. अर्थात गुरांमुळेही तिचीच सोय होते. ‘गुरे खात नाहीत’ हा बागेतला गुण रानात असा उलटतो आणि त्याची किंमत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबांना आणि गुराख्यांना वैरण, मोहफुले व कंदमुळे गमावून मोजावी लागते.

तिला आवरण्याचे प्रयत्नही शंभर वर्षांहून जुने आहेत. १९०२ मध्ये हवाई बेटांवर मेक्सिकोतून वीसहून अधिक जातींचे कीटक आणले गेले. भारतात रामचंद्र राव यांनी १९१६ ते १९१९ या काळात घाणेरीवरील कीटकांची पाहणी केली. सुमारे दीडशे जाती सापडल्या, पण तिला रोखणारी एकही नव्हती. १९२१ मध्ये तिच्या फळांत वाढणारी एक माशी हवाईहून आणली गेली. तिचाही विशेष उपयोग झाला नाही. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातून एक ढेकूणवर्गीय कीटक आणला, तेव्हा बंदिस्त चाचण्यांत तो सागाच्या फुलोऱ्यावरही जातो असे दिसले. सागासाठी ओळखल्या जाणाऱ्या जंगलांत असा पाहुणा कोण सोडणार? बेत रद्द झाला, तरी पुढे तो कीटक बाहेर आढळलाच. घाणेरी मात्र हटली नाही. निनाद मुंगी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार भारतातील वाघांच्या अधिवासातील सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर जंगल, म्हणजे ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्र, तिने व्यापले आहे.

वरवर छाटल्याने ती बुंध्यातून पुन्हा फुटते. दिल्लीचे सी. आर. बाबू यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वेगळी पद्धत वापरली. जमिनीच्या थोडे खाली मुख्य मूळ तोडायचे, झुडूप उलटे करून ठेवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागी लगेच गवत व स्थानिक झाडे वाढवायची. यातले शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे. जागा मोकळी राहिली तर घाणेरी परत येते.

तेव्हा उन्हातल्या बागेसाठी झाड निवडताना ‘तगेल का?’ एवढेच विचारून चालणार नाही. ‘याचे बी कोण नेईल, कुठे नेईल, आणि तिथे याला खाणारे कोणी आहे का?’ हेही विचारावे. बाजारात निर्बीज म्हणून विकल्या जाणाऱ्या काही जाती आहेत. पण फळ न धरणाऱ्या जातीचे पराग रानातल्या घाणेरीवर पोचू शकतात. मग आपल्याच रानातली झुडपे का लावू नयेत? निर्गुडी, अडुळसा, कोरांटी, धायटी, करवंद ही सगळी ऊन आणि कोरड सोसतात. निर्गुडी आणि अडुळसा यांना गुरेही सहसा तोंड लावत नाहीत. परदेशी झाड म्हणजे वाईट, असे आम्हाला म्हणायचे नाही; मिरची आणि पेरूही अमेरिकेतूनच आले. प्रश्न झाड कुठून आले याचा नसून ते आवरता येते का, याचा आहे.

शहापूर-मुरबाडच्या शाळांना हा धडा वर्गाबाहेर शिकवता येईल. पावसाळा संपता संपता दोरीने एक मीटर लांबी-रुंदीचे चौकोन आखा. काही घाणेरीच्या जाळीच्या कडेखाली, काही शेजारच्या मोकळ्या रानात. प्रत्येकात गवत किती, झाडांची रोपे किती आणि कोणती, हे विद्यार्थ्यांनी मोजून तक्ता करावा. हिरवी फळे विषारी असतात, ती तोंडात घालू नयेत, हे आधीच बजावावे. दोन-तीन वर्षे त्याच जागी मोजणी केली, तर आपल्या गावचे रान कोणत्या दिशेने चालले आहे हे मुलांच्या वहीतले आकडेच सांगू लागतील.